दिल्लीचं अनुदान, गल्लीतली घरपट्टी

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो होतो की, वरून अनुदान आलं की खालची वसुली सुस्तावते. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. कोथरूडचे गृहस्थ रागावलेत, पुरंदरच्या सरपंचताईंना खुलासा हवाय, एका विद्यार्थिनीने पुरावा मागितलाय. माझी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली, म्हणजे ग्रामपंचायती आणि नगरपालिकांची दप्तरं तपासण्यात. त्यामुळे आक्षेप काढायची सवय आहे, आक्षेपांना उत्तर द्यायची नाही. तरी बघू.

प्रश्न : केंद्र सरकार पुणे महापालिकेला जीएसटीचे कोट्यवधी रुपये देतं. मग आमच्याकडून मिळकतकर कशाला? वर ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरायला लावला, तो वेगळाच. – ज्येष्ठ नागरिक, कोथरूड

आधी पैशाचा पत्ता दुरुस्त करू. महापालिकेला दर महिन्याला जीएसटीपोटी जी रक्कम येते ती दिल्लीहून नाही, मंत्रालयातून येते. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाके होते. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट २०१५ मध्ये पन्नास कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळलं, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही संपला. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून राज्याने कायदा केला : २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरायचं आणि त्यावर दर वर्षी आठ टक्के चक्रवाढीने रक्कम द्यायची.

हा आठ टक्क्यांचा आकडा नीट बघा. २०१६-१७ ला शंभर रुपये असतील तर २०२५-२६ ला ते जवळजवळ दोनशे होतात. त्यासाठी महापालिकेतल्या कुणालाही कुणाच्या दारात जावं लागत नाही, नोटीस काढावी लागत नाही, नगरसेवकाचा फोन घ्यावा लागत नाही. उलट मिळकतकर एक टक्क्याने वाढवायचा म्हटलं तरी काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. आयुक्तांनी अंदाजपत्रकाआधी करवाढीचा प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समितीने तो फेटाळायचा, आणि दुसऱ्या दिवशी ‘पुणेकरांना दिलासा’ असा मथळा. हा दिलासा परवडतो, कारण दुसऱ्या खिशात न मागता येणारी रक्कम असते. माझ्या त्या एका ओळीचा अर्थ एवढाच होता. माणसं आळशी होतात असं नाही, त्यांना नाही म्हणणं सोपं होतं.

केंद्राचा थेट पैसा येतो तो वित्त आयोगाच्या (केंद्राचा पैसा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा वाटायचा ते सुचवणारा आयोग) अनुदानातून आणि वेगवेगळ्या अभियानांतून. पंधराव्या वित्त आयोगाने पुण्यासारख्या दहा लाखांवरच्या शहरांना दिलेलं अनुदान हवेच्या गुणवत्तेशी आणि पाणी-घनकचऱ्याशी बांधलेलं होतं. त्यातून तुमच्या गल्लीतला झाडूवाला किंवा कोठीवरचा कारकून यांचा पगार निघत नाही. तो निघतो महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणून मिळकतकर.

राहता राहिला पीटी-३. स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत देण्याचा महापालिकेचा ठराव १९७० चा. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, २०१८ मध्ये राज्याने सवलत थांबवली, २०२३ मध्ये पुन्हा दिली. अर्ज त्याचा आहे. आक्षेप काढणाऱ्यांत मी नव्हतो, पत्रात तुम्ही सुचवलंय तसं काही नाही.

प्रश्न : आमचे ग्रामसेवक म्हणतात, वसुली वाढली नाही तर वित्त आयोगाचा निधी बंद होईल. गावकरी म्हणतात, शासन लाखांनी पैसे देतंय तर घरपट्टी कशाला भरायची. दोघांपैकी खरं कोण? – सरपंच, पुरंदर तालुका

सरपंचताई, दोघंही अर्धे खरे आहेत, आणि पुरा हिशोब सांगायला थोडी जागा लागेल.

चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५ ते २०२०) ग्रामपंचायतींना दोन लाख कोटींहून थोडी जास्त रक्कम ठेवली होती. त्यातले ९० टक्के मूलभूत अनुदान आणि १० टक्के कामगिरीचं. कामगिरीच्या हिश्श्याला दोन अटी : हिशोब तपासून घेतलेले हवेत आणि स्वतःचं उत्पन्न वाढलेलं दिसलं पाहिजे. म्हणजे वसुलीवर अवलंबून होता तो रुपयातला दहा पैशांचा भाग. पंधराव्या आयोगाने (२०२१ ते २०२६) ग्रामपंचायतींसाठी ही उत्पन्नवाढीची अट ठेवलीच नाही. त्यांचा आग्रह होता हिशोब ऑनलाइन लोकांसमोर ठेवण्यावर. मिळकतकराची अट त्यांनी शहरांना घातली. तेव्हा ग्रामसेवकांचं म्हणणं (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतं?) पंधराव्या आयोगापुरतं बरोबर नाही. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. त्याच्या मार्गदर्शक सूचना पंचायत समितीतून मागवून स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका.

मला वाटतं त्यांच्या डोक्यात दुसरीच गोष्ट असावी. तुमचा शिपाई, पाणी सोडणारा, यांच्या किमान वेतनातला राज्याचा वाटा वसुलीच्या टक्केवारीशी जोडला गेला. ती अट काढा म्हणून कर्मचारी संघटना वर्षानुवर्षं मोर्चे काढत आल्या आहेत. ही अट राज्याची, वित्त आयोगाची नाही. आणि तिचा फटका बसतो तो पाणी सोडणाऱ्याला. घरपट्टी बुडवणाऱ्या बागायतदाराला त्याने काही फरक पडत नाही.

आता गावकऱ्यांचं म्हणणं. पैसे लाखांनी येतात हे खरं. पण पंधराव्या आयोगाचे साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, उरलेले चाळीस टक्के अबंधित म्हणायचे, तरी पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नाहीत. त्यात महाराष्ट्रात २०२१ मध्ये रस्त्यावरच्या दिव्यांची बिलं याच निधीतून भरा असं सांगितलं गेलं, तेव्हा सरपंचांनी केलेली ओरड तुम्हाला आठवत असेल. मोटार जळली, ती दुरुस्त झाली, पण मोटार चालवणाऱ्याला महिन्याला द्यायचे काय? ते घरपट्टी-पाणीपट्टीतूनच. अनुदानातून टाकी उभी राहते. टाकीत रोज पाणी चढवायचं तर गावाचा स्वतःचा पैसा लागतो.

पण हे गावाला पटत नाही, आणि का पटत नाही ते मी दप्तरात पाहिलेलं आहे. नमुना ९, म्हणजे मागणीचं रजिस्टर, उघडा. रकाने असे : मागील बाकी, चालू मागणी, एकूण, वसुली, शिल्लक. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावात मागील बाकीचा रकाना चालू मागणीच्या कितीतरी पट होता. थकबाकीदारांत निम्मी नावं वारलेल्या माणसांची, घरं मुलांच्या ताब्यात, वारसनोंद नाही. एका घराच्या मागे वाढवलेल्या चार खोल्या भाड्याने गेलेल्या, दारात चार वीजमीटर, आणि नमुना ८ ला, म्हणजे आकारणीच्या यादीत, अजून ‘माती-दगड, कौलारू’. मी आक्षेप लिहिला : ‘वसुलीचे प्रमाण असमाधानकारक, फेरआकारणी प्रलंबित, खुलासा करावा.’ अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं उत्तर, आलं : ‘वसुलीचे प्रयत्न चालू आहेत.’ पुढच्या वर्षी तोच आक्षेप आणि तेच अनुपालन, फक्त सरपंच बदललेले.

त्या सरपंचांनी का करावी वसुली? हिशोब सरळ आहे. शेजारच्याच्या घरी जप्तीची नोटीस नेली तर त्याच्या भावकीतली पंचवीस मतं गेली, मिळाले अडीच हजार. आयोगाचा हप्ता मात्र लोकसंख्या बघून येतो. वसुली वीस टक्के असो की नव्वद, त्यात रुपयाचा फरक पडत नाही. रस्ता झाला की फलकावर नाव सरपंचांचंच. अशा वेळी हुशार माणूस जे करील तेच ते करत होते.

एकच काळ असा येतो की गावातले पुढारी आपणहून रांगेत उभे राहून घरपट्टी भरतात, तो म्हणजे निवडणुकीचा अर्ज भरायच्या आधीचा. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो, हे ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ सगळ्यांना तोंडपाठ असतं. कायद्याची बाकीची कलमं त्यांनी वाचल्याचं माझ्या अनुभवात नाही.

तुम्हाला करता येण्यासारखं : फेरआकारणी चार वर्षांनी वेळेवर करा, वारसनोंदी उरकून घ्या, जुनी थकबाकी लोक अदालतीत न्या. ग्रामसभेत फक्त वसुलीचा आकडा वाचू नका. पाणीपुरवठ्याचं वीजबिल किती आलं आणि पाणीपट्टी किती जमली, हे दोनच आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. भावकीला बाकी काही कळलं नाही तरी हे कळतं.

प्रश्न : अनुदानामुळे स्थानिक संस्थांची करवसुली कमी होते याला संशोधनाचा आधार आहे का, की हा अनुभवाचा ठोकताळा? – अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

माझ्या नातीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करतो. आधार आहे, पण एकतर्फी नाही. अर्थतज्ज्ञ इंदिरा राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा केरळमधल्या ग्रामपंचायतींवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ठोक अनुदानाने करप्रयत्न, म्हणजे स्वतः कर गोळा करायची धडपड, मंदावतो असं त्यांना दिसलं. रिझर्व्ह बँकेचा पंचायतींच्या वित्तव्यवहारावरचा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. त्यातलं २०२२-२३ चं चित्र : एका पंचायतीमागे सरासरी स्वतःचा कर सुमारे २१ हजार रुपये, करेतर उत्पन्न ७३ हजार, केंद्राचं अनुदान सुमारे १७ लाख, राज्याचं सव्वातीन लाख. २१ हजार आणि १७ लाख हे आकडे शेजारी ठेवले की माझ्यासारख्याला लगेच निष्कर्ष काढावासा वाटतो.

तू काढू नकोस. गरीब गावाला कर कमी मिळतो आणि गरीब म्हणूनच त्याला मदत जास्त मिळते. तेव्हा ‘अनुदान जास्त, कर कमी’ एवढं दिसलं म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं ठरत नाही. शिवाय या सरासरीत सगळी राज्यं आहेत, आणि घरपट्टीचा अधिकार कागदावर असूनही न वापरणारी राज्यं त्यात आहेत. महाराष्ट्रात निदान बिल तरी घरी येतं. तुला खरंच काम करायचं असेल तर एकच गाव घे, अनुदान अचानक वाढलं त्याच्या आधीची आणि नंतरची चार-चार वर्षं घे, आणि नमुना ९ वरून चालू मागणीची वसुली वेगळी काढ. जुनी थकबाकी त्यात मिसळली की टक्केवारी कशीही वळवता येते. टक्केवारी वाढवायचा सगळ्यात सोपा उपाय वसुली वाढवणं नाही, मागणी कमी दाखवणं आहे. हे मी नगरपालिकांत डोळ्यांनी पाहिलंय.

आणि एक पुण्याचीच गोष्ट. राज्यांना योजनेचा पैसा वाटायचं १९६९ चं सूत्र धनंजयराव गाडगीळांच्या नावाने ओळखलं जातं. आपल्या गोखले इन्स्टिट्यूटचे गाडगीळ, तेव्हा नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. त्या सूत्रात ६० टक्के भार लोकसंख्येला आणि १० टक्के करप्रयत्नाला होता. म्हणजे वरून पैसा देताना खालच्याने किती हातपाय हलवले ते बघायचं, हा विचार तेव्हापासून आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा हिस्सा ठरवताना करप्रयत्नाला भार दिला अडीच टक्के. त्यावरून काय म्हणायचं ते तू म्हण.

प्रश्न : शहरांना वित्त आयोगाने मिळकतकराची अट घातली म्हणता. त्याने फरक पडला का? – नगरपालिका कर्मचारी (नाव न छापण्याच्या विनंतीवरून)

अट अशी होती : राज्याने मिळकतकराचा किमान दर अधिसूचित करायचा, आणि शहराची वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या गेल्या पाच वर्षांच्या सरासरी वाढीइतकी तरी वाढली पाहिजे. नाही वाढली तर अनुदान नाही. याआधी २००५ च्या जेएनएनयूआरएममध्येही (केंद्राचं शहर नूतनीकरण अभियान) ८५ टक्के मिळकतकर वसुलीचं उद्दिष्ट होतं. त्या योजनेतून पुण्याला बीआरटीचे रस्ते मिळाले. पण तेव्हा अट न पाळता पुढचा हप्ता मिळवण्याची कला सगळ्यांनाच अवगत होती. या वेळची अट कडक होती.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. तुमच्या नगरपालिकेची वसुली दोन कोटी, अपेक्षित वाढ दहा टक्के, अनुदान तीन कोटी. वीस लाख जास्त गोळा केले की तीन कोटी मिळतात. एवढा घसघशीत मोबदला कुठला व्यापारी सोडेल? तरीही सुटतो. कारण वीस लाखांचा वाईटपणा आज घ्यायचा असतो आणि तीन कोटी येतात पुढच्या वर्षी, तेव्हा खुर्चीवर कोण असेल सांगता येत नाही. म्हणून मुख्याधिकारी मधला मार्ग काढतात : अभय योजना. दंड माफ, जुनी थकबाकी भरा. त्या वर्षी वसुली उसळते आणि अट पूर्ण होते. पुढच्या वर्षी त्या उसळलेल्या आकड्यावर पुन्हा दहा टक्के चढायचं असतं, आणि थकबाकीदार पुढच्या अभय योजनेची वाट बघत बसलेला असतो. वेळेवर भरणाऱ्याला मिळते ती पाच-दहा टक्क्यांची सूट. माझ्या मते अट योग्य होती, मोजमाप चुकीचं होतं. थकबाकी वगळून फक्त चालू मागणीची वसुली मोजायला हवी होती.

आणि निवडणुकाच न झाल्यामुळे महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणचे हप्ते अडकले, कारण आयोगाला लोकनियुक्त संस्था हवी होती. पुण्यात मार्च २०२२ मध्ये प्रशासक आले. कर चोख गोळा करा, पण नगरसेवक नाहीत म्हणून पैसे नाहीत, असं झाल्यावर वसुली विभागातल्या माणसाने कशासाठी पळायचं, हा तुमच्या पत्रातला प्रश्न मला बिनतोड वाटतो.

प्रश्न : आम्ही कॅन्टोन्मेंटमध्ये राहतो. मंडळ केंद्राचं, जमीन संरक्षण खात्याची, तरी तिजोरीत खडखडाट. असं कसं? – वाचक, कॅम्प

घटनेच्या कलम २८५ मुळे केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. त्याबदली सेवाशुल्क मिळतं. सर्वोच्च न्यायालयात २००९ मध्ये राजकोट महापालिकेच्या प्रकरणात जे ठरलं त्यानुसार, सेवा किती घेतल्या त्याप्रमाणे मिळकतकराच्या ७५, ५० किंवा ३३.३३ टक्के. कॅन्टोन्मेंटचा सगळ्यात मोठा मालमत्ताधारक संरक्षण खातं. त्यामुळे सेवाशुल्क वेळेवर आलं तर तिजोरी भरलेली, नाही आलं तर खडखडाट. बंगल्यांकडून आणि दुकानांकडून कितीही वसुली केली तरी ती भर पुरत नाही. एलबीटी गेल्यावर राज्यातल्या महापालिकांना भरपाईचा कायदा मिळाला, पुण्याच्या कॅन्टोन्मेंटला मात्र त्या वाट्यासाठी झगडत बसावं लागलं.

प्रश्न : नऱ्हे ग्रामपंचायतीत होतं तेव्हा घरपट्टी परवडत होती. महापालिकेत आल्यावर बिल बघून चक्कर आली. सोयी त्याच. ही लूट नाही का? – वाचक, नऱ्हे

रागाला कारण आहे. २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, आणि बहुतेक ठिकाणी बिल आधी आलं, ड्रेनेज मागाहून. राज्याने मध्ये वसुलीला स्थगिती दिली ती त्यामुळेच.

पण दुसरी बाजूही ऐका. ग्रामपंचायतीची घरपट्टी कमी होती, कारण गावाचा खरा खर्च घरपट्टीतून निघतच नव्हता. तो निघत होता अनुदानातून, बांधकामांच्या शुल्कातून आणि टँकरवाल्याला तुम्ही खिशातून दिलेल्या पैशांतून. शेवटचा आकडा घरपट्टीच्या पावतीवर कधीच दिसला नाही. सोसायटीच्या जुन्या हिशोबात टँकरची बिलं असतील तर काढा, वर्षाची बेरीज करा, तुमच्या घराच्या वाट्याला किती आली ते बघा, आणि ती रक्कम जुन्या घरपट्टीत मिळवून नव्या बिलाशी ताडून पाहा. त्यानंतरही बिल जास्त वाटलं तर आकारणीवर हरकत घ्या. त्यासाठी क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष आणि वापर (निवासी की भाड्याने) हे तीन तपशील आधी तपासा. जुन्या नोंदींवरून घाईने आकारणी झालेल्या गावांत चुका बहुधा याच तीन रकान्यांत सापडतात.